फॅरो शफल शिकताना या चुका टाळा

बावन्न पानांचा कॅट बरोबर मधोमध काटायचा, २६-२६ पानांचे दोन गठ्ठे आखूड कडांनी एकमेकांना भिडवायचे आणि पिशवीची चेन लागावी तशी एकाआड एक पाने एकमेकांत बसवायची. फॅरो शफल म्हणजे एवढेच. फॅरो नावाच्या जुन्या जुगारी खेळात पत्ते वाटणारे असे पिसत, त्यावरून हे नाव पडले. ऐकायला सोपे आहे. पण पत्त्यांच्या हातचलाखीत जे प्रकार महिनोन्‌महिने बेजार करतात, त्यांत याचा नंबर बराच वर लागतो. इथे ‘जवळजवळ बरोबर’ चालत नाही. एक पान जागा चुकले की पुढचा सगळा हिशोब गेला.

शिकणारा दोष देतो बोटांना, आणि मग आणखी जोर लावतो. खरे तर बिघाड बहुतेक वेळा पाने एकमेकांत शिरायच्या आधीच झालेला असतो: कॅट चुकीचा, कडा न जुळलेल्या, काटणी एका पानाने हुकलेली. म्हणून तपासणीही त्याच क्रमाने करा.

कॅटच चुकीचा

छत्रपती संभाजीनगरच्या गुलमंडीत काय किंवा लातूरच्या गंजगोलाईत काय, जनरल स्टोअरमध्ये कॅट मागितला की पुष्कळदा पातळ कागदी नाही तर पूर्ण प्लास्टिकचा हातात पडतो. रमीला दोन्ही चालतात. फॅरोला प्लास्टिक नकोच: पान पानावरून घसरते, वाकवले की उसळते आणि कडा एकमेकींना धरत नाहीत. पातळ कागदाच्या पानांचे कोपरे आठवड्याभरात भरडतात. बायसिकल किंवा बी (Bee) या ब्रँडांसारखा जाड कागदाचा, पृष्ठभागावर बारीक खळगे असलेला कॅट घ्या. महाग वाटतो, पण शिकेपर्यंत एक-दोन कॅट पुरतात.

वर्षभर मेंढीकोटाचे डाव झालेला घरचा कॅट घेऊन बसणे ही दुसरी चूक. त्यातली काही पाने जास्त हाताळलेली, काही कमी. कुणाची कड फुगलेली, कुणाचा कोपरा दुमडलेला. असा कॅट दर वेळी त्याच दोन-तीन पानांपाशी अडतो आणि तुम्ही स्वतःला शिव्या घालता.

अगदी कोऱ्या कॅटचाही एक स्वभाव असतो. कारखान्यात तावातून पाने कापताना पात्याच्या दाबाने कडेला डोळ्यांना न दिसणारा उतार येतो. त्यामुळे नवा कॅट एका दिशेने लोण्यासारखा विणला जातो आणि दुसऱ्या दिशेने अडून बसतो. पाठ वर ठेवून जमत नसेल तर कॅट उलटा करून, चित्रे वर ठेवून तेच करून पाहा. फरक लगेच कळतो. पुष्कळ फॅरो झाले की कडा झिजून दोन्ही बाजूंनी जायला लागतात.

आणि जोकर काढा. हा मुद्दा क्षुल्लक वाटेल, पण आकडा बघा. वरचे पान वरच राहील असे ५२ पानांचे ८ अचूक फॅरो केले की कॅट पहिल्या क्रमाला परत येतो. दोन जोकर आत राहिले, म्हणजे पाने ५४ झाली, तर त्याच कामाला ५२ फॅरो लागतात. आठव्या फेरीला क्रम का जुळला नाही म्हणून डोके धरून बसण्याआधी पाने मोजा.

हवा

मे महिन्यात आपल्याकडे पारा चाळिशी ओलांडतो आणि हवा कोरडी ठणठणीत होते. बोटांची टोके गुळगुळीत पडतात, पानावर पकड राहत नाही. मग माणूस कूलरसमोर बसतो, आणि तिथेच घोटाळा होतो. कूलरची हवा ओली असते. पानाची एक बाजू आधी ओल धरते, कॅटला बाक येतो, आणि बाक आलेले दोन गठ्ठे सपाट भिडतच नाहीत. सरावापुरते कूलरच्या झोताबाहेर बसा. बोटे फारच कोरडी असतील तर ग्लिसरीनचा एक थेंब दोन्ही तळव्यांना चोळून कापडाने पूर्ण पुसून टाका. हाताला चिकट लागता कामा नये. पावसाळ्यात उलटे होते, पाने फुगतात आणि जड चालतात. काम झाले की कॅट डबीत घालून वर दोन जाड पुस्तके ठेवा. रबर लावून ठेवू नका, रबराने कडेला खाच पडते. अंगाची पावडर पानांना फासण्याचा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका. ती घामात मिसळून कडांवर थर धरते.

काटणी: सगळ्यात जास्त फॅरो इथे मरतात

जाड कागदाचे एक पान साधारण ०.३ मिलिमीटरचे असते. म्हणजे २६ पानांची जाडी जेमतेम ८ मिलिमीटर, आणि तुमची चूक व्हायला ०.३ मिलिमीटर पुरे. हे नजरेने येते, पण मोजून पाहिल्याशिवाय नजर तयार होत नाही. रोज सराव सुरू करण्याआधी १० वेळा फक्त काटा. दोन्ही गठ्ठे टेबलावर शेजारी ठेवा, डोळे टेबलाच्या पातळीला आणून उंची बघा, अंदाज बोला (‘उजवा एकाने जास्त’) आणि मग मोजा. न मोजता शंभर वेळा काटले तरी नजर सुधारत नाही. चुकीचाच अंदाज पक्का होतो.

बरे, काटणी कितीने चुकली हे अर्धवट विणलेला कॅट स्वतःच सांगतो. पाने एकमेकांत तिसरा हिस्सा शिरली की थांबा आणि तळ बघा. वरून पहिले पान वरच्या गठ्ठ्याचे आणि तळाचे शेवटचे खालच्या गठ्ठ्याचे, मध्ये कुठेही जोडी नाही, तर २६-२६. तळाशी वरच्या गठ्ठ्याची दोन पाने लागोपाठ दिसली तर तुम्ही वर २७ उचलली होती. तळाशी खालच्याच गठ्ठ्याची सलग तीन पाने असतील तर वर २५ आली होती. दोन्हीपैकी एकच चूक वारंवार होत असेल तर उपाय सोपा आहे: अंदाज येतो तिथून जाणूनबुजून एक पान कमी किंवा जास्त घ्यायला लागा.

पकड आणि कोन

काटण्याआधी कॅटच्या चारही कडा टेबलावर हलक्या ठोकून घ्या, काटल्यानंतर दोन्ही गठ्ठ्यांच्या आखूड कडा एकमेकींवर पुन्हा हलक्या ठोका. ही दुसरी ठोकणी लोक गाळतात. वरचा गठ्ठा उचलताना त्याची पाने जराशी सरकून पायरीसारखी तिरपी होतात. मग वरची पाने समोरच्या गठ्ठ्याला टेकतात आणि मधली पोहोचतच नाहीत.

आता मांडणी. दोन्ही गठ्ठे आडवे धरा, आखूड कडा समोरासमोर. खालचा गठ्ठा डाव्या हातात, वरचा उजव्या हातात. अंगठा तुमच्याकडच्या लांब कडेवर, मधले बोट आणि अनामिका पलीकडच्या लांब कडेवर. डावी तर्जनी लांब सोडून, दोन्ही गठ्ठे जिथे भेटतात तिथे पलीकडच्या बाजूने आडवी टेकवा. ही तर्जनी म्हणजे भिंत: दोन्ही लांब कडा तिला टेकल्या की एका रेषेत येतात. भिंत नसेल तर एक गठ्ठा पुढे, एक मागे राहतो आणि कोपरे भरडतात.

भिडवताना आखूड कडा एकदम पूर्ण लावू नका. आधी पलीकडचे कोपरे टेकवा, तुमच्याकडची बाजू केसभर उघडी ठेवा. उजवा गठ्ठा एका पानाच्या जाडीइतका वर ठेवा. आता हलका दाब देत उजवा हात वर-खाली अगदी १ मिलिमीटरभर घासल्यासारखा हलवा. कोपऱ्याची पाने एकमेकांत शिरताना बोटांना जाणवतात. ती ३ ते ५ मिलिमीटर आत गेली की उघडा कोन मिटवा, बाकीची कड मागोमाग बसते.

इथली मोठी चूक म्हणजे मूठ आवळणे. लांब कडा दाबल्या की पाने रुंदीत कमानीसारखी वाकतात. वाकलेल्या दोन कमानी समोरासमोर आल्या की फक्त मधोमध टेकतात. शिवाय पाने एकमेकांवर गच्च बसली की त्यांच्यात दुसरे पान शिरायला फटच उरत नाही. नखे पांढरी पडत असतील तर दाब जास्त आहे. गठ्ठा हातातून पडणार नाही, याहून अधिक पकड लागत नाही. अडले की ढकलायचे नाही, सोडायचे, पुन्हा ठोकून पुन्हा टेकवायचे. जोर लावून बसवलेला फॅरो हा फॅरो नसतो, कॅटची हजामत असते.

चूक नेमकी कुठे होते, ते रंगांना विचारा

वर २६ लाल पाने (बदाम, चौकट) आणि खाली २६ काळी (इस्पिक, किलवर) लावा. एक फॅरो करून कॅट सतरंजीवर पसरा. लाल-काळे एकाआड एक आले पाहिजेत. जिथे एकाच रंगाची जोडी दिसेल तिथे चूक. दहा वेळा करा आणि जागा लिहून ठेवा, कारण जागा कारण सांगते. जोड्या नेहमी सुरुवातीच्या पाच-सहा पानांत असतील तर गठ्ठे नीट टेकायच्या आत तुम्ही दाब देता. मधल्या भागात असतील तर मूठ आवळली आहे किंवा गठ्ठा तिरपा आहे. शेवटी असतील तर काटणी. आणि जोडीत दर वेळी तेच पान सापडत असेल, उदाहरणार्थ किलवरची नश्शी, तर ते पान प्रकाशात धरून त्याची कड बघा.

रंगांची परीक्षा पास झाली की दुसरी: वरून १८व्या जागी ओळखीचे पान ठेवा. वरचे पान वर ठेवणाऱ्या फॅरोत १८व्या आणि ३५व्या जागेची पाने नुसती आपसांत बदलतात. एका फॅरोनंतर तुमचे पान ३५वे, दुसऱ्यानंतर परत १८वे. नसेल तर कुठेतरी एक पान निसटले आहे.

बावन्नवर थेट उडी

सुरुवात ३२ पानांनी करा. १६-१६चे गठ्ठे हातात मावतात आणि काटणीही लवकर जमते. पाच-तीन-दोनचा डाव मोडला की ३० पाने तयारच असतात, पण तीसवर सराव करू नका. ३० पानांना मूळ क्रमावर यायला २८ फॅरो लागतात, तोवर चूक कितव्या फेरीत झाली ते कळायचे नाही. बाजूला ठेवलेल्या चौकट आणि किलवरच्या सत्त्या त्यात घाला, ३२ होतात आणि अवघ्या ५ फॅरोंत क्रम परत येतो. पाचही अचूक, असे सलग तीन वेळा जमले की ५२वर जा. दिवसात १५ मिनिटांच्या दोन बैठका पुरेत. बोटे थकली की मूठ आपोआप आवळते आणि तीच सवय लागते.

इन आणि आउटची सरमिसळ

मूळचे वरचे पान वरच राहिले तर आउट, दुसऱ्या जागी गेले तर इन. उजवा गठ्ठा एका पानाने वर ठेवला की आउट, खाली ठेवला की इन. शिकताना आधी फक्त आउट पक्का करा. ८ फॅरोंची मोजणी आउटची आहे. त्यात एक इन घुसला तर विणकाम स्वच्छ असूनही क्रम जुळत नाही आणि चूक सापडत नाही.

इन कशाला हवा, तर वरचे पान हव्या त्या जागी न्यायला. ही रीत स्कॉटलंडचे जादूगार अ‍ॅलेक्स एल्म्स्ली यांची. पान १४वे आणायचे म्हणजे त्याच्यावर १३ पाने हवीत. १३ हा आकडा संगणकाच्या भाषेत ११०१. एकला इन, शून्याला आउट: इन, इन, आउट, इन. पान दुसरे, चौथे, सातवे आणि मग चौदावे होते. करून बघा, पण चारही अचूक जमत असतील तरच.

लोकांसमोर

आपल्या घरांत पत्ते वरच्यावर खाली टाकत पिसतात. त्या लोकांसमोर तुम्ही कॅट डोळ्यांजवळ नेऊन, श्वास रोखून पाने जुळवायला लागलात की काहीतरी शिजतेय हे लहान पोरालाही कळते. काटताना एकच नजर, विणताना समोरच्याकडे बघून बोलणे. हे जमत नसेल तर फॅरो अजून कच्चा आहे, कार्यक्रमात आणू नका. धबधब्यासारखी पाने सोडण्याचा शोभेचा भागही विण स्वच्छ झाल्यावरच शिका. त्या आवाजात चुका झाकल्या जातात आणि तुम्हालाच दिसत नाहीत. पैशाच्या डावात तर हा हात दाखवूच नका. तुम्ही काही केले नसले तरी हरलेला माणूस तुमच्याकडेच बघणार.

तरीही कार्यक्रमात मध्येच एखादी जोडी बसलेली दिसली तर घाबरून पाने आत लोटू नका. पूर्ण आत जाईपर्यंत दोन्ही गठ्ठ्यांचा आपापला क्रम शाबूत असतो. बोलता बोलता गठ्ठे सरळ ओढून वेगळे करा, उजवा डाव्यावर ठेवा, कॅट जसा होता तसा परत मिळतो. कडा ठोका आणि पुन्हा काटा.