भिंत न फोडता जादा प्लग

भाड्याच्या खोलीत प्लगसाठी भिंत फोडायची गरज नाही. पुण्यात इलेक्ट्रिकच्या सामानासाठी प्रसिद्ध असलेल्या तपकीर गल्लीतून पीव्हीसी केसिंग पट्टी (वायरी झाकणारी), ६ अँपिअरचा सॉकेट आणि वरून बसणारा बॉक्स आणा. जवळच्या बोर्डातून १.५ चौरस मिमीच्या तांब्याच्या तीन वायरी या पट्टीतून स्कर्टिंगच्या (भिंतीच्या तळाशी लावलेल्या फरशीच्या) कडेने न्या. पट्टी जवळजवळ दिसतही नाही. तिसरी वायर अर्थिंगची, आणि पेठांतल्या जुन्या घरांत घोडं नेमकं इथेच अडतं: बोर्डात अर्थिंग असतेच असं नाही. ते वायरमनकडून आधी तपासून घ्या. जोडणीही परवानाधारकाकडूनच, मेन बंद करून. या प्लगवर मोबाईल, लॅपटॉप, टेबलफॅन चालेल. गिझर मात्र नको, त्यासाठी १६ अँपिअरची वेगळी लाईन लागते. घरमालकांना आधी विचारा, हे सांगायला नकोच!