४सी केस सांभाळताना या चुका टाळा (खास मराठी आयांसाठी, आणि आज्यांसाठी पण)

आधीच सांगते, हे ब्लॅक लोकांच्या नैसर्गिक केसांबद्दल आहे, म्हणजे अगदी बारीक वळ्यांचे, ओढले की लांब होणारे आणि सोडले की परत गोळा होणारे केस, ज्यांना इकडे टाईप ४ म्हणतात. ही नंबरची भानगड ९०च्या दशकात टीव्हीवाल्या ऑप्रा विन्फ्रेच्या हेअरस्टायलिस्टने, आंद्रे वॉकरने, सुरू केली, आणि त्याच्या ४ए, ४बी या पोटभागांना मग बायकांनीच ४सी जोडला, म्हणजे सगळ्यात घट्ट वळ्यांचे केस. मराठीत कशाला, असं विचाराल तर अमेरिका, इंग्लंड, कॅनडात आता बरीच घरं अशी आहेत की एक पालक मराठी आणि एक ब्लॅक, आमचंही तसंच, नवरा ब्लॅक अमेरिकन आणि मी सांगलीची. आणि अशा घरात मुलांच्या केसांचं खातं हमखास त्या आईकडे येतं जिने जन्मभर फक्त सरळ केस विंचरलेत.

व्हॉट्सॲप ग्रुपवर प्रश्न पण ठरलेले. कितीही तेल लावा कोरडेच राहतात. केस वाढतच नाहीत. कंगवा दिसला की पोरगी पळते. तिन्हीचं मूळ बघायला गेलं तर एकच निघतं, आपण सरळ केसांचे नियम या केसांना लावतोय.

हा केस आडवा कापून बघितला तर गोल नसतो, चपटा असतो, आणि तो त्वचेच्या आतच वळत वळत बाहेर येतो. स्काल्पवर (डोक्याच्या त्वचेवर) तयार होणारं नैसर्गिक तेल सरळ केसावरून घसरत टोकापर्यंत जातं, इथे वळणंच इतकी की ते मुळाशीच अडकतं. म्हणून स्काल्प तेलकट आणि टोकं कोरडी हे दोन्ही एकाच डोक्यावर, एकाच वेळी. आणि प्रत्येक वळणाशी केस जरा कमजोर असतो, तुटतो तो बहुतेक तिथेच. एवढं डोक्यात ठेवलं ना की बाकीचं आपोआप कळत जातं.

खोबरेल तेलाने ओलावा येतो असं समजणं

ही आपली नंबर एकची चूक, आणि ती प्रेमापोटी होते म्हणून सांगणं अवघड. आजी भारतातून येते, बॅगेत तेलाच्या बाटल्या, आल्या आल्या "काय गं हे केस, तेलाचा थेंब नाही" म्हणत मुलीला पुढ्यात घेऊन बसते. आता खोबरेल वाईट अजिबात नाही, ते केसाच्या आत शिरतं आणि धुताना केसातलं प्रोटीन कमी निघून जातं, त्यामुळे न्हायच्या आधी तास-दोन तास लांबीला लावून ठेवलं तर उत्तम. पण तेल म्हणजे पाणी नाही. तेल ओलावा देत नाही, आत असलेला अडवतं, आणि आत काही नसेल तर अडवणार काय? कोरड्या केसावर तेल चोपडलं की बाहेरून चकाकी, हात लावला की काड्या.

क्रम असा पाहिजे: आधी पाणी (स्प्रेच्या बाटलीतून, केस नीट ओलसर होईपर्यंत), मग लीव्ह-इन कंडिशनर (लावून न धुता तसाच ठेवायचा तो), मग तेल, मग क्रीम किंवा शिया बटर. काही जणी तेल आणि क्रीमची अदलाबदल करतात, दोन्ही करून बघा, ज्या मुलीला जे मानवेल ते. आणि हो, खोबरेल २४ अंशांच्या खाली गोठतं, तर इकडच्या थंडीत ते केसांवरच थिजतं आणि केस कडक लागतात. हिवाळ्यात जोजोबा किंवा एरंडेल वापरा, एरंडेल ही तर ब्लॅक घरांतली जुनीच वस्तू, जमैकन ब्लॅक कॅस्टर ऑइल म्हणून मिळतं ते. फक्त फार चिकट, थोडंच घ्या.

स्काल्पवर कोंडा दिसला म्हणून तिथे आणखी तेल थापायचं, हे तर अजिबात नको. कोंड्यामागे जी यीस्ट असते ती तेलावरच पोसते, म्हणजे तुम्ही तिला जेवायला वाढताय. कोंड्याचा औषधी शॅम्पू फक्त स्काल्पला लावायचा, सांगितलेला वेळ ठेवायचा, आणि लांबीला लगेच भरपूर कंडिशनर, कारण हे शॅम्पू केस कोरडे करतात.

रोज धुणं, नाहीतर महिना महिना न धुणं

दोन्ही टोकं बघितलीत. आठवड्यातून एकदा किंवा पंधरा दिवसांतून एकदा, त्वचेचे डॉक्टर पण या केसांसाठी साधारण हेच सांगतात. "ब्लॅक केस धुवायचेच नसतात" हे जे कुठून तरी ऐकलेलं असतं ते सोडून द्या. मॅडम सी. जे. वॉकर (१८६७-१९१९) या बाईंचं नाव ऐकलं असेल, केसांच्या मालाच्या धंद्यावर प्रचंड श्रीमंत झालेली ब्लॅक उद्योजिका, तर तिच्या धंद्याची सुरुवातच स्काल्पच्या तक्रारीतून झाली, तिचे स्वतःचेच केस गळत होते. त्या काळी कितीतरी घरांत नळ नव्हते, न्हाणं क्वचित, त्यामुळे असे त्रास घरोघरी. तिने मलम तर विकलंच, पण नियमित धुवायलाही शिकवलं.

शॅम्पू शक्यतो बिनसल्फेटचा. पण बटर, जेल, क्रीम थरावर थर चढले असतील आणि पाणी केसावरून नुसतं ओघळून जात असेल, तर महिन्यातून एकदा क्लॅरिफाइंग शॅम्पू हवाच. बऱ्याचदा "प्रॉडक्ट चालेनासं झालं" म्हणून लोक नवीन डबे आणत सुटतात, चालेनासं काही झालेलं नसतं, केसावर जुना थर बसलेला असतो.

कोरडे केस वरून खाली विंचरणं

आपल्याकडे सकाळी शाळेआधी भांगापासून टोकापर्यंत कंगवा ओढायचा, दोन वेण्या, झालं. या केसांना असं केलं की जो टकटक आवाज येतो तो गुंता सुटल्याचा नाही, केस तुटल्याचा असतो.

आमच्याकडे रविवारी वॉश डे असतो आणि तो खरंच अख्खी सकाळ खातो, तर कसं करायचं ते नीटच सांगते. केसांचे चार भाग करा, दाट असतील तर सहा, प्रत्येक भाग सैल पीळ देऊन क्लिपने बांधा. एका वेळी एकच भाग सोडायचा. तो ओला, त्यावर कंडिशनर इतका की बट बोटांतून सुळकन घसरली पाहिजे. आधी बोटांनी मोठ्या गाठी सोडवा, मग रुंद दातांचा कंगवा घेऊन टोकापासून सुरुवात, टोकाचे दोन बोटं सुटले की जरा वर, मग अजून वर, मुळाशी सगळ्यात शेवटी. दुसऱ्या हाताने बट मुळाकडे घट्ट धरून ठेवा म्हणजे ओढ स्काल्पला बसत नाही, रडारड निम्मी तिथेच कमी होते. सुटलेल्या भागाला लगेच परत पीळ द्या, मोकळा सोडलात तर बाजूच्या भागात गुंतणार आणि सगळं पुन्हा पहिल्यापासून. कंगव्यात केसांचा पुंजका आला तर घाबरू नका, हे केस रोज विंचरत नसल्यामुळे आठवडाभराचे गळलेले केस आतच अडकून असतात, ते त्या दिवशी एकदम निघतात. निघालेल्या केसाच्या एका टोकाला छोटा पांढरा ठिपका असेल तर तो आपणहून गळलेला, ठिपका नसलेले आखूड तुकडे दिसले तर मात्र तुटतायत, हात हलका करा. आणि मुलीला टॅबलेट द्या, या एका कामासाठी स्क्रीन टाइमचे नियम मी मोडते.

मधल्या दिवसांत विंचरायचंच नाही. पाण्याचा स्प्रे, थोडा लीव्ह-इन, बोटं, बास.

"वाढतच नाहीत"

वाढतात. वेग सरळ केसांपेक्षा जरा कमी असतो हे खरं, पण वाढलेली लांबी दिसत नाही ही मुख्य गोष्ट. ओले असताना खांद्याला लागणारे केस वाळले की कानाशी येऊन बसतात, ४सी केसांची पाऊण हिस्सा लांबीसुद्धा आक्रसण्यात लपू शकते. एक बट हलकेच ताणून बघा, मग कळेल. ताणूनही सहा-आठ महिन्यांत फरक नसेल तर केस जितका वाढतोय तितका टोकाला तुटतोय, मग उशीची खोळ बघा (सुती असेल तर ओलावा शोषते आणि घासते, सॅटिनची खोळ किंवा बॉनेट, म्हणजे झोपताना घालायची सॅटिनची टोपी, आणा), लोकरी टोपीची आतली बाजू बघा, आणि फाटे फुटलेली टोकं जपत बसू नका, कापा.

घट्ट वेण्या

बॉक्स ब्रेड्स (बारीक सुट्या वेण्या), कॉर्नरोज (डोक्याला चिकटून घातलेल्या वेण्या), ट्विस्ट्स (दोन बटांचे पीळ) यांना प्रोटेक्टिव्ह स्टाईल म्हणतात आणि खरंच त्या केस जपतात, पण सैल असतील तर. वेण्या घालताना दुखतंय, कपाळाच्या कडेला बारीक पुटकुळ्या आल्यात, मुलीला भुवया उचलता येत नाहीत, तर त्या घट्ट आहेत आणि आजच्या आज सोडायच्या, पैसे गेले तरी. "पहिले दोन दिवस दुखतंच" म्हणून पेनकिलर देणारे लोक आहेत, त्यांचं ऐकू नका. वर्षानुवर्षं ओढ बसली की कडेचे केस विरळ होतात, ट्रॅक्शन अलोपेशिया म्हणतात त्याला, लवकर थांबवलं तर परत येतात, उशीर झाला तर मुळंच मरतात आणि मग कुठलंही तेल कामाचं नाही.

सहा ते आठ आठवड्यांपेक्षा जास्त ठेवू नका. मधे स्काल्प धुवायचं, पातळ केलेला शॅम्पू भांगाभांगातून सोडायचा. वेण्यांत नकली केस मिसळल्यावर खाज सुटत असेल तर पुढच्या वेळी ते केस आधी ॲपल सायडर व्हिनेगर घातलेल्या पाण्यात भिजवा, वरचा थर निघतो, मग खळखळून धुऊन वाळवा. खऱ्या केसांचे वीव्ह आणि विग जे असतात ना, त्यातले कितीतरी केस आपल्या तिरुपतीचे, भाविकांनी वाहिलेल्या केसांचा देवस्थान रीतसर लिलाव करतं. ज्या केसांना आपण "चांगले केस" म्हणतो ते असे समुद्र ओलांडून येतात.

लग्नाला भारतात गेल्यावर "जरा स्मूद करून घेऊ"

नको. लहान मुलीला तर नकोच नको. पार्लरवाली ताई म्हणते केरॅटिन आहे, केमिकल नाही, पण अशा बऱ्याच ट्रीटमेंटमधून प्रेस गरम झाली की फॉर्मल्डिहाइड सुटतं, डोळे झोंबतात ते त्यानेच. रिलॅक्सरची, म्हणजे कुरळे केस कायमचे सरळ करायच्या क्रीमची, गोष्ट वेगळी, त्यातल्या लाय प्रकारात सोडियम हायड्रॉक्साइड असतं, तुंबलेली मोरी साफ करायच्या पावडरीत असतं तेच, ते केसाच्या आतले बंध कायमचे तोडतं आणि स्काल्पही भाजू शकतं. २०२२ मध्ये अमेरिकेतल्या सिस्टर स्टडीचा निष्कर्ष आला, ३३ हजारांहून जास्त बायका त्यात होत्या. केस सरळ करायची रसायनं कधीच न वापरणाऱ्यांत सत्तरीपर्यंत गर्भाशयाचा कॅन्सर होण्याचं प्रमाण अंदाजे १.६४ टक्के, वर्षात चारपेक्षा जास्त वेळा वापरणाऱ्यांत ४.०५. यावरून कारण हेच असं सिद्ध होत नाही, पण माझ्यासाठी तेवढं पुरे आहे.

स्ट्रेटनरच्या जास्त तापमानाने वळ्या एकदा मेल्या की मेल्या, धुतल्यावरही तो भाग सुतळीसारखा लोंबत राहतो. मास्कने, अंड्याने, मेथीने काही होत नाही, नवीन वाढेल तसं जुनं कापत जायचं किंवा एकदम सगळं कापायचं, बिग चॉप. हळूहळू करणार असाल तर जिथे नवा कुरळा आणि जुना सरळ भाग जुळतो तो सांधा सगळ्यात नाजूक, कंगवा तिथे जपून.

तोंडाने होणारी चूक

झिपऱ्या, टोपलं, "बांध गं ते आधी", "बाबावर गेलेत वाटतं". बोलणाऱ्याला गंमत वाटते, मुलगी सगळं ऐकत असते. १७८६ मध्ये स्पॅनिश राजवटीतल्या लुइझियानात गव्हर्नरने मुक्त ब्लॅक बायकांनी डोकं झाकायचं असा हुकूम काढला होता, आणि त्यांनी झाकलं, पण असे रंगीत झोकदार रुमाल बांधले की हुकूम काढणाराच फसला. २०१६ ला दक्षिण आफ्रिकेत प्रिटोरिया गर्ल्स हाय या शाळेच्या मुली केसांच्या नियमाविरुद्ध उभ्या राहिल्या. कॅलिफोर्नियाने २०१९ मध्ये क्राउन ॲक्ट केला, केसांच्या ठेवणीवरून शाळेत-नोकरीत भेदभाव चालणार नाही म्हणून, त्यानंतर बऱ्याच राज्यांनी केला. अख्ख्या देशासाठीचं बिल २०२२ ला अमेरिकी संसदेच्या एका सभागृहात, हाऊसमध्ये, पास होऊन दुसऱ्यात, सेनेटमध्ये, अडकलं. म्हणजे जे केस मोकळे ठेवायला लोकांना कायद्यापर्यंत जावं लागलं, त्यांना आपल्याच हॉलमध्ये मावशीने टोपलं म्हणायचं? मी सरळ सांगते, "मावशी, हे विंचरलेलेच आहेत, असेच दिसतात." एकदा सांगितलं की बहुतेक लोक गप्प बसतात. आणि हे केस आपल्याला परके आहेत असंही नाही, कर्नाटकात यल्लापूर, हल्याळकडच्या सिद्दी, म्हणजे आफ्रिकी वंशाच्या, मुली बघा, पिढ्यान् पिढ्या भारतातल्याच.

एक शेवटचं, डॉक्टरकडे कधी जायचं. डोक्याच्या मध्यभागी विरळ होत गोल पसरत चाललंय आणि तिथली त्वचा गुळगुळीत, चकचकीत दिसतेय, किंवा आग होतेय, तर घरगुती उपाय बंद. मोठ्या ब्लॅक बायकांमध्ये केसांची मुळं कायमची जाण्याचा एक आजार असाच डोक्याच्या मध्यापासून सुरू होतो, तेव्हा वहिनी, नणंद, सासूबाई यांनाही सांगा. मुलाच्या डोक्यावर खवले, पू किंवा तुटक्या केसांचा गोल चट्टा असेल तर बुरशी असू शकते, त्याला पोटातून औषध लागतं, नुसत्या मलमाने जात नाही. अपॉइंटमेंटच्या आधी वेण्या सोडा, जेल-तेल धुऊन टाका, नाहीतर डॉक्टरला दिसणार काय? आणि फोन करतानाच विचारा की अशा केसांचे पेशंट बघता का. नसतील बघत तर दुसरा डॉक्टर शोधा.