जंगलात दोन-तीन दिवस पायी जायचंय? सॅक घेताना या चुका टाळा

"भाऊ, साठ लिटरची घेतली, चांगल्या कंपनीची घेतली, तरी खांदे काहून दुखते?"

अचलपूर-परतवाडा भागात हा प्रश्न पावसाळ्यात हमखास कानावर येतो. पचमढीजवळची नागद्वारची यात्रा वर्षातून एकदाच, नागपंचमीच्या सुमारास भरते. विदर्भातली मंडळं तेव्हा भर पावसात सातपुड्याचे चढउतार करतात. पूर्वी खांद्यावर बोचकं असायचं, आता ऑनलाइन मागवलेल्या सॅक दिसतात. उन्हाळ्याच्या सुट्टीत हिमालयातल्या कॅम्पला जाणारी कॉलेजची पोरंही हेच विचारतात. याचं उत्तर लिटरमध्ये सापडत नाही. सॅक तुमच्या पाठीच्या लांबीला बसली पाहिजे आणि वजन कमरेवर उतरलं पाहिजे. खिसे, रंग, जाड गादी हे सगळं त्यानंतर.

उंची पाहून साइझ ठरवणं

सारख्या उंचीच्या दोन माणसांत एकाचे पाय लांब असतात, दुसऱ्याची पाठ. सॅकला पायांशी काही देणंघेणं नाही, म्हणून पाठच मोजा. मान खाली घातली की मानेच्या मुळाशी एक हाड ठळक वर येतं, तिथे पहिली खूण. मग दोन्ही हात कमरेच्या हाडाच्या वरच्या कडेवर ठेवा, अंगठे मागच्या बाजूला. दोन्ही अंगठ्यांच्या मधली सरळ रेघ कण्याला जिथे लागते, तिथे दुसरी खूण. या दोन खुणांमधलं अंतर शिंप्याच्या टेपने, पाठीच्या वळणाबरोबर मोजायचं. स्वतःचं स्वतःला मोजता येत नाही, घरातलं कुणीतरी लागतं. टेप नसेल तर सुतळी धरा आणि ती पट्टीवर मोजा. बहुतेक मोठ्या माणसांचा आकडा १५ ते २१ इंचांच्या आत येतो.

चांगल्या सॅकच्या माहितीत हे माप दिलेलं असतं, किंवा पाठीमागचे पट्टे वर-खाली सरकवायची सोय असते. दोन्ही नसेल आणि नुसतं '६० लिटर, वॉटरप्रूफ' एवढंच लिहिलं असेल, तर ती प्रवासाची बॅग समजा. एसटीच्या टपावर टाकायला ठीक, दिवसभर पाठीवर घेऊन चालायला नाही.

बायकांसाठीच्या सॅकची पाठ आखूड असते, खांद्याचे पट्टे जवळजवळ आणि वळणदार असतात. अंगाने बारीक, बुटक्या पुरुषांनाही त्या कधी कधी जास्त चांगल्या बसतात. दुकानात घालून पाहायला लाजू नका.

कमरेचा पट्टा पोटावर बांधणं

सगळ्यात जास्त सॅक इथे बिघडतात. अनेकजण पट्टा बेंबीवर आवळतात, त्याने दम लागतो. काहीजण पँटच्या बेल्टसारखा खाली बांधतात, मग मांडी उचलली की तो घासतो. पट्ट्याची गादी कमरेच्या हाडावर बसली पाहिजे. हाडाची कड गादीच्या साधारण मध्यावर यावी, म्हणजे थोडी गादी हाडाच्या वर आणि थोडी खाली. नीट बसलेला पट्टा बहुतांश वजन पेलतो. खांद्यांनी सॅक फक्त पाठीला धरून ठेवायची.

बारीक माणसांनी आणखी एक गोष्ट तपासावी. पट्टा पूर्ण आवळल्यावर दोन्ही गाद्या समोर एकमेकींना टेकल्या, तर पुढे आवळायला जागाच उरत नाही. आता थोडा सैल वाटणारा पट्टा दुसऱ्या दिवशी घामाने आणि चालण्याने आणखी खाली घसरेल. तो तुमच्या कमरेला मोठा आहे, बदलून घ्या.

पट्ट्याखाली काय आहे तेही बघा. चामड्याच्या बेल्टचं बक्कल, करदोड्याची गाठ, खिशातला मोबाइल, आणि आपल्याकडचा खर्रा. बारा किलोच्या दाबाखाली खर्र्याची पुडीसुद्धा संध्याकाळपर्यंत हाडावर चट्टा उठवते. नाडीची किंवा इलास्टिकची पँट घाला, खिसे रिकामे ठेवा. खर्रा घरीच राहिला तर उत्तमच, जंगलात थुंकायला जायचं नसतं.

बांधण्याचा क्रमही ठरलेला आहे. आधी सगळे पट्टे सैल सोडा. सॅक पाठीवर घ्या, किंचित पुढे वाका, कमरेचा पट्टा हाडावर आणून आवळा. मग खांद्याचे पट्टे खाली ओढा, अंगाला लागतील इतकेच. त्यानंतर खांद्याच्या वरून सॅककडे जाणारे छोटे पट्टे हलके ताणा. बाजूने पाहिलं तर ते साधारण ४५ अंशात तिरपे दिसावेत. छातीचा पट्टा सगळ्यात शेवटी आणि सैलसर. लोक नेमकं उलटं करतात, आधी खांदे करकचून आवळतात.

पाणी न धरता वजन काढणं

सह्याद्रीतल्या ट्रेकची यादी पाहून सामान भरलं की विदर्भात हिशोब चुकतो. आपल्याकडे मार्चनंतर नाले आटतात, तापमान चाळिशीच्या वर जातं आणि सागाची पानं गळून गेल्यामुळे सावलीही मिळत नाही. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो. दिवसाला चार-पाच लिटर सोबत घ्यायचं तर सॅकमधली सगळ्यात जड वस्तू पाणीच.

भरलेली सॅक स्वतःच्या वजनाच्या पाचव्या हिश्श्याहून जड नको, असा एक चालणारा ठोकताळा आहे. साठ किलोच्या माणसाला बारा किलो. त्यातून चार किलो पाणी आणि दोन किलोची रिकामी सॅक वजा करा, हाती राहतात सहा किलो. अंथरूण, कपडे, शिधा सगळं त्यातच. म्हणून मी सांगेन, सॅक सगळ्यात शेवटी घ्या. आधी सामान गोळा करून एका खोक्यात रचून बघा. तंबू आणि सामूहिक भांडी सोबत नसतील, तर दोन-तीन दिवसांना ४० ते ५० लिटर पुरतात. सत्तर लिटरची घेतली की रिकामी जागा डोळ्यात सलते आणि माणूस चादर, दुसरी चादर, फल्लीदाण्यांचा डबा कोंबत जातो.

दुखतंय कुठे, त्यावरून ओळखा

खांद्यांचा वरचा भाग दुखत असेल, तर वजन कमरेवर उतरलेलं नाही. पट्टा सैल आहे किंवा सॅकची पाठ तुम्हाला आखूड पडतेय. हाताला मुंग्या येत असतील तर खांद्याचे पट्टे काखेत रुतताहेत. ते सैल करा, कमरेचा आवळा. तरीही मुंग्या थांबल्या नाहीत तर सॅक उतरवून ठेवा, ओढाताण करू नका. पट्टे मानेला घासत असतील तर छातीचा पट्टा फार वर किंवा फार घट्ट आहे, तो गळ्याच्या हाडाखाली दोन बोटं आणा.

सॅक मागे ओढतेय असं वाटलं तर दोष बहुतेक भरण्याचा. जड वस्तू पाठीला चिकटून, खांद्याच्या पात्यांच्या आसपास हव्यात. तळाशी स्लीपिंग बॅग, बाहेरच्या खिशात हलकं सामान. पाच लिटरचा कॅन मागे लटकवून चालणारे चढावर असे वाकलेले दिसतात की पाहणाऱ्याची कंबर दुखावी. पाणी दोन-तीन बाटल्यांत वाटून घ्या. चालताना सॅक डुलत असेल तर बाजूचे आवळायचे पट्टे ओढा.

पाठीवर घामोळ्या येतात ते बहुतेक आपल्या उन्हामुळे. पाठीपासून सुटी असलेली ताणलेली जाळी याला बरी, हवा खेळते. मात्र तिच्यामुळे वजन पाठीपासून थोडं लांब जातं, त्यामुळे दहा-बारा किलोंच्या वर मला ती पटत नाही.

काटे आणि पाऊस

रायमुनियाच्या झुडपांतून आणि बोरीबाभळीतून जाताना बाहेरच्या जाळीच्या खिशांच्या चिंध्या होतात, बाटल्या पडतात. जाड कापडाचे खिसे पाहून घ्या. रेन कव्हर पाठीकडच्या बाजूने पाणी अडवत नाही, म्हणून आत जाड प्लास्टिकची पिशवी घालून त्यात सामान भरा. खताचं किंवा फवारणीच्या औषधाचं रिकामं पोतं मात्र धुतलेलं असलं तरी नको, त्यात तुमचा शिधा असतो.

घरी न तपासता लेबल तोडणं

दुकान लांब, म्हणून ऑनलाइन घ्यावी लागते. ठीक आहे, पण परत करायची मुदत संपायच्या आत तपासा. तुरीच्या डाळीची किलो-किलोची पाकिटं आणि भरलेल्या बाटल्या चादरीत गुंडाळून दहा किलो करा, सॅक भरा आणि लेबल न काढता घरातच तासभर फिरा. जिना असेल तर चढा-उतरा. पहिल्या दहा मिनिटांत सगळ्याच सॅक छान वाटतात, खरं काय ते अर्ध्या तासानंतर कळतं. पास झाली की मग बाहेर काढा, वावराच्या वाटेने जा, एखादी टेकडी चढा. मेळघाटच्या जंगलात मात्र सरावाला म्हणून घुसू नका. तो १९७३-७४ पासून व्याघ्र प्रकल्प आहे, वनविभागाच्या परवानगीशिवाय तिथे पायी फिरता येत नाही.

परत आल्यावर सॅक सावलीत पूर्ण वाळवा. टिनाच्या छपराखाली ओली कोंबून ठेवली तर आतलं पाणी-रोधक अस्तर चिकट होऊन सोलपटतं, आणि खिशात फल्लीदाणा राहिला असेल तर उंदीर चेनसकट कुरतडतात. शिवण उसवली तर चपला शिवणाऱ्याकडून दुहेरी टाका मारून घ्या. बक्कल तुटलं तर त्याच रुंदीचं नवीन मिळतं, जुनं सोबत घेऊन जा.