अमारोने उघडताय? मग या चुका टाळा

मे महिन्यातली रात्र, पुण्यातलं घर, पंखा पाचावर. भाचीनं इटलीतल्या व्हेरोनाहून कपड्यांत गुंडाळून आणलेली अमारोने या रेड वाइनची बाटली आम्ही मोठ्या हौसेनं उघडली. ताटात झणझणीत मटण. पहिल्याच घोटाला सगळ्यांची तोंडं वाकडी झाली. नाकात नुसता स्पिरिटचा वास, घशात जाळ. निम्मी बाटली बूच लावून फ्रिजच्या दारात ठेवून दिली. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ती बाहेर काढली, थोडा वेळ ओट्यावर राहू दिली आणि ग्लासात दोन बोटं ओतली. वास आला तो सुक्या अंजिराचा, खारकेचा, पिकून काळ्या पडलेल्या चेरीचा. तोंडात मऊ, भरदार, आणि घोट गिळल्यावर मागे कडवटपणाची एक बारीक रेघ. बाटली तीच होती, चूक आमची होती.

त्यानंतर ही वाइन मी मनापासून समजून घेतली. तिला ‘जड’, ‘दारूसारखी’ म्हणून बाजूला सारणारे बरेच जण भेटतात, आणि विचारलं तर बहुतेकांनी ती आमच्यासारखीच प्यायलेली असते.

आधी ती मुळात काय आहे ते पाहू. इटलीत व्हेरोना शहराच्या उत्तरेला वाल्पोलिचेल्लाच्या टेकड्या आहेत. तिथली कोर्विना, कोर्विनोने आणि रोंदिनेल्ला ही द्राक्षं एकत्र करून अमारोने बनते. कोर्विना मुख्य: जाड सालीची, आंबटसर चेरीच्या चवीची. रोंदिनेल्ला वाळवताना सहसा दगा देत नाही. कोर्विनोनेला तिथले लोक बरीच वर्षं कोर्विनाचाच प्रकार समजत होते, नंतर ते वेगळं वाण निघालं. तोडणी झाली की निवडक घड लगेच दाबत नाहीत, तर हवेशीर माळ्यांवर पसरून ठेवतात. पूर्वी त्यासाठी बांबूच्या ताट्या असत, ज्यांवर रेशमाचे किडेही पाळले जात. आता क्रेट आणि पंखे आले आहेत. साधारण 100 ते 120 दिवसांत द्राक्षाचं एकतृतीयांश, कधी त्याहूनही जास्त वजन घटतं.

तासगावच्या बाजूला बेदाण्याच्या शेड पाहिलेल्या माणसाला हे लगेच कळेल. तिथेही जाळ्यांच्या थरांवर सावलीत घड वाळतात. पण तासगावच्या कोरड्या, गरम वाऱ्यात आणि घड ज्यात बुडवून काढतात त्या डिपिंगच्या द्रावणामुळे काम दोन-तीन आठवड्यांत उरकतं. वाल्पोलिचेल्लात मात्र ऑक्टोबर ते जानेवारीच्या गारठ्यात, काही न लावता, मणी हळूहळू आकसतो. बेदाणा पूर्ण सुकवायचा असतो, हा मणी अर्ध्यावरच थांबवतात. साखर, आंबटपणा, सालीतला तुरटपणा, सगळं घट्ट होतं. मग यीस्ट ती साखर जवळपास संपवून टाकते आणि अल्कोहोल 15-16 टक्क्यांवर जातं. कायद्यानं किमान 14 टक्के लागतं. बाजारात येण्याआधी वाइन निदान 2 वर्षं मुरवावी लागते, ‘रिझेर्वा’ असेल तर 4.

पहिली आणि सगळ्यात महागडी चूक: ‘रूम टेंपरेचर’

रेड वाइन खोलीच्या तापमानाला प्यायची, हे वाक्य सगळ्यांना पाठ आहे. पण ती खोली युरोपातल्या जुन्या दगडी घराची, साधारण 17-18 अंशांची. आपल्याकडे एप्रिलमध्ये दिवाणखान्यात 32 अंश सहज असतात. त्या तापमानाला 15 टक्क्यांच्या वाइनमधून आधी अल्कोहोलच नाकात शिरतं आणि फळाचा वास त्याखाली दबतो. अमारोने 16 ते 18 अंशांना ग्लासात यायला हवी.

इंटरनेटवर ‘20 मिनिटं फ्रिजमध्ये ठेवा’ असा सल्ला सापडतो. तो थंड देशांसाठी ठीक आहे. आपल्या उन्हाळ्यात 20 मिनिटांत बाटली जेमतेम तीन-चार अंशांनी उतरते. तिला दीड-दोन तास द्या. घाई असेल तर बादलीत बर्फ आणि पाणी घेऊन बाटली मानेपर्यंत बुडवा, 12-15 मिनिटांत काम होतं. नुसता बर्फ भरू नका. पाणी असेल तरच थंडावा काचेला सगळीकडून चिकटतो. फार गार झाली तरी बिघडत नाही. ग्लास तळव्यांत धरला की ती पाच मिनिटांत वर येते. ग्लासात बर्फाचा खडा मात्र कधीच नको.

लेबल अर्धवट वाचणं

एकाच टेकडीवरून चार वेगळ्या बाटल्या येतात आणि चौघींच्या लेबलवर ‘वाल्पोलिचेल्ला’ लिहिलेलं असतं. साधी वाल्पोलिचेल्ला ताज्या द्राक्षांची, हलकी असते. ‘रिपास्सो’ म्हणजे तीच वाइन अमारोने काढून उरलेल्या चोथ्यावर पुन्हा मुरवलेली. चोथ्यात साखर आणि सालीचा कस शिल्लक असतो, त्यामुळे ती अधिक भरते. ‘रेचोतो’ अशाच वाळवलेल्या द्राक्षांची, पण यीस्टला मध्येच थांबवून गोड राखलेली. आणि चौथी अमारोने, म्हणजे ज्या रेचोतोतली साखर संपली ती.

नावातच सगळं आलं आहे: ‘अमारो’ म्हणजे कडू, ‘अमारोने’ म्हणजे चांगलीच कडू. असं सांगतात की 1936 साली नेग्रार गावच्या सहकारी वाइनरीत रेचोतोचं एक पिंप विसरून राहिलं, त्यातली सगळी साखर आंबून गेली आणि ती चाखून तळघराच्या मुख्य माणसाच्या तोंडून हे नाव निघालं. तेव्हा गोड म्हणून अमारोने विकत घेऊ नका, आणि अमारोनेच्या भरवशावर रेचोतोही घेऊ नका. पहिल्यांदाच चाखणार असाल तर रिपास्सोपासून सुरुवात करा, असं माझं प्रामाणिक मत आहे. तिची किंमत बरीच कमी असते आणि या घराण्याची चव त्यातून कळते. ‘क्लासिको’ हा शब्द दर्जाचा नाही, भूभागाचा आहे: फुमाने, मारानो, नेग्रार, सांताम्ब्रोजो आणि सान पिएत्रो इन कारियानो या पाच जुन्या गावांचा. लेबलवर ‘डीओसीजी’ ही अक्षरं दिसतात, म्हणजे इटलीतला वाइनचा सर्वोच्च सरकारी दर्जा; तो मान अमारोनेला 2010 मध्ये मिळाला.

तिखटाशी गाठ

तांबड्या रश्श्यासोबत ही वाइन घेऊ नका. मिरचीनं जीभ पेटलेली असताना अल्कोहोल ती आग वाढवतं, मग ना रस्सा लागतो ना वाइन. पुरणपोळी, श्रीखंडासोबतही नको. गोडाच्या पुढे कोरडी वाइन आंबट-कडू लागते. व्हेरोनात तिला तासन् तास मंद शिजवलेल्या मांसाची, जुन्या चीजची साथ असते. अमारोनेत शिजवलेला भात, ‘रिसोत्तो आल्लामारोने’, हा तर तिथला नेहमीचा पदार्थ. आमच्याकडे मी मटण कांदा, तमालपत्र, दालचिनी आणि काळी मिरी एवढ्यावरच, झाकणावर पाणी ठेवून अंगच्या रसात दोन तास शिजवते. लाल तिखट अजिबात नाही. शाकाहारी पंगतीला तुपावर खमंग परतलेले मश्रूम, अक्रोड आणि मुरलेलं शाकाहारी चीज.

आणि ग्लास भरू नका. 750 मिलीच्या बाटलीत 15.5 टक्के म्हणजे सुमारे 116 मिली निखळ अल्कोहोल होतं. 100 मिलीचा ग्लास पुरे, सोबत पाणी आणि पोटात काहीतरी असू द्या. एक बाटली सहा-सात जणांची. त्या रात्री आम्ही चौघंच ती संपवायला निघालो होतो ते आठवलं की अजून वाईट वाटतं.

असं झालं तर

तोंड आवळून टाकणारा तुरटपणा आला तर बहुधा वाइन तरुण आहे. स्वच्छ, बिनवासाच्या काचेच्या जारमध्ये ओतून तास-दोन तास उघडी ठेवा. दहा-पंधरा वर्षांच्या बाटलीला मात्र इतका वेळ हवेत ठेवू नका, तिचा नाजूक वास उडून जाईल.

तळाशी गाळ दिसला तर घाबरू नका. रंग आणि टॅनिन (सालीतला तुरट अंश) वर्षानुवर्षं खाली बसत जातात. बाटली आदल्या दिवशी उभी करून ठेवा, हळू ओता, मानेत गाळ आला की थांबा. बूच तुटून आत पडलं तर मलमलच्या धुतलेल्या फडक्यातून गाळून घ्या.

पावसाळ्यात भिजलेल्या पुठ्ठ्याचा वास आला आणि फळाचा वास कुठेच नसला तर तो बुचातून आलेला दोष आहे. हवा देऊनही तो जात नाही, उलट वाढतो. आरोग्याला धोका नाही, पण पिण्यात अर्थ नाही. दुकानाला कळवा. सुक्या मेव्याचा, किंचित नेलपॉलिशसारखा तिखट वास मात्र वाळवलेल्या द्राक्षांच्या वाइनमध्ये थोडा चालतो, त्यावरून बाटली बाद करू नका.

बूच वर सरकलेलं, मानेवर चिकट ओघळ, रंग तपकिरी आणि वास करपलेल्या जॅमचा, तर बाटली उन्हाळ्यात भाजली आहे. यावर उपाय नाही. स्लॅबखालचा माळा, गॅसजवळचं कपाट आणि फ्रिजचा माथा या तीन जागा म्हणूनच टाळायच्या. वाइनचा वेगळा फ्रिज नसेल तर मार्च ते जूनपर्यंत बाटली घरच्या फ्रिजमध्ये खालच्या कप्प्यात आडवी ठेवा. उन्हाळाभर भाजण्यापेक्षा ते कितीतरी बरं.

उरलेली अमारोने फेकू नका. घट्ट बूच लावून फ्रिजमध्ये उभी ठेवली तर तीन-चार दिवस उत्तम राहते, दुसऱ्या दिवशी बऱ्याचदा आदल्या रात्रीपेक्षा सरस लागते. पिण्याआधी अर्धा तास बाहेर काढा. पाचव्या दिवशी आंबट झाली असेल तर कांदा परतून त्यात ओता, निम्मी आटू द्या आणि तांदूळ घालून व्हेरोनाचा तो जांभळा भात शिजवा.