पालटत्या टाइल्सचे कोडे वरच्या ओळीतून कसे सोडवावे

पाच ओळी आणि पाच स्तंभ असा पंचवीस टाइल्सचा पट पडद्यावर दिसतो, त्यांपैकी काही पेटलेल्या असतात आणि काही विझलेल्या. एका टाइलला स्पर्श केला की ती स्वतः पालटते आणि तिच्या वरची, खालची, डावीकडची व उजवीकडची टाइलही पालटते, म्हणजे पेटलेली विझते आणि विझलेली पेटते. सगळा पट विझवला की कोडे सुटले. टायगर इलेक्ट्रॉनिक्स या कंपनीने १९९५ साली ‘लाइट्स आउट’ या नावाने बटणांचे जे यंत्र बाजारात आणले त्याचा नियम हाच होता, आणि त्याच जातीचा तीन बाय तीनचा खेळ पार्कर ब्रदर्सच्या १९७८ मधील ‘मर्लिन’ या यंत्रातही होता. स्पर्शपडद्याचा निंटेंडो डीएस २००४ मध्ये आला तेव्हापासून अशा कोड्यांना हाती धरायच्या कन्सोलवर अगदी सोयीची जागा मिळाली, कारण तिथे दिवा आणि बटण वेगळे राहत नाहीत.

खेळ सुरू करताच कोपऱ्यातील एका टाइलला स्पर्श करून पाहावा. तीन टाइल्स पालटल्या तर नियम वर सांगितला तोच आहे. पाच पालटल्या तर त्या खेळात पटाच्या कडा एकमेकींना जोडलेल्या आहेत, आणि तिरपी शेजारीणही पालटली तर नियमच निराळा आहे. अशा प्रकारांना पुढील कोष्टक लागू पडत नाही. तपासणी झाल्यावर त्याच टाइलला पुन्हा स्पर्श केला की पट पूर्ववत होतो.

डीएसच्या जातीच्या कन्सोलचा पडदा दाबाने चालतो. पहिल्या डीएसचा खालचा पडदा सुमारे तीन इंची होता, म्हणजे पाच ओळींचा पट त्याची पूर्ण उंची व्यापत असला तरी एक टाइल जेमतेम नऊ मिलिमीटरची होते आणि बोटाचे पेर सहज शेजारच्या टाइलवर जाते. त्यामुळे स्टायलसच वापरावा, आणि स्पर्श जिथे केला त्याच्या बाजूला उमटत असेल तर सेटिंगमध्ये जाऊन पडद्याचे कॅलिब्रेशन करून घ्यावे. निंटेंडो स्विचसारख्या कन्सोलचा पडदा मात्र मोबाइलप्रमाणे बोटाच्या विद्युत-गुणधर्मावर चालतो, आणि पावसाळ्यात ठाण्याहून वाशीला जाणाऱ्या गाडीत खेळणाऱ्याला घामट बोटांचा त्रास तिथे अधिक होतो. रुमालाने बोट आणि पडदा दोन्ही कोरडे करण्याला पर्याय नाही. ऐरोली-रबाळेच्या दरम्यान धक्का बसून भलत्याच टाइलला स्पर्श झाला तर घाबरून पट नव्याने सुरू करू नये, त्याच टाइलला आणखी एकदा स्पर्श करावा.

हा उपाय चालतो त्यामागचे कारण समजून घेतले की अर्धे कोडे हाती येते. एखादी टाइल शेवटी पेटलेली राहणार की विझलेली, हे तिला आणि तिच्या शेजारणींना मिळून किती स्पर्श झाले, ती संख्या सम आहे की विषम, एवढ्यावरच ठरते. म्हणून स्पर्शांचा क्रम कोणताही असला तरी फरक पडत नाही, आणि एकाच टाइलला दोनदा केलेला स्पर्श न केल्यासारखाच असतो. उत्तर म्हणजे कोणत्या टाइल्सना एकदा स्पर्श करायचा त्यांची यादी, याहून अधिक काही नाही. नवखा खेळाडू जिथे जास्त दिवे दिसतील तिथे बोट ठेवतो आणि एक घोळका विझवताना दुसरा पेटवून बसतो. माझ्या मते या खेळात दिव्यांची संख्या मोजण्याइतके निरुपयोगी काही नाही, कारण एकच दिवा उरलेला पट पुष्कळदा पंधरा दिव्यांच्या पटापेक्षा उत्तरापासून अधिक दूर असतो.

आता प्रत्यक्ष रीत पाहू. पहिल्या ओळीला हात न लावता तिच्यात कोणत्या टाइल्स पेटलेल्या आहेत ते पाहावे आणि दुसऱ्या ओळीतील नेमक्या त्यांच्याच खालच्या टाइल्सना स्पर्श करावा. पहिली ओळ पूर्ण विझते. मग दुसऱ्या ओळीत जे पेटलेले उरले असेल त्याच्या खाली तिसऱ्या ओळीत स्पर्श करावा, आणि असे करत पाचव्या ओळीपर्यंत उतरावे. वरच्या चारही ओळी विझलेल्या असतील आणि दिवे उरले तर केवळ तळच्या ओळीत उरतील.

घणसोलीला राहणाऱ्या माझ्या भाचीला चौकटीच्या वहीवर हे दाखवत होतो तेव्हा तिने विचारले, “मामा, मग मधले दिवे बघायचेच नाहीत का?” नाही बघायचे. पहिल्या ओळीत कुठे स्पर्श करायचा हे एकदा ठरले की खालच्या चारही ओळींचे स्पर्श आपोआप ठरतात, त्यामुळे ३,३५,५४,४३२ शक्यतांतून निवड करायची नसून पहिल्या ओळीच्या केवळ ३२ शक्यतांतून करायची असते, आणि त्यांतली योग्य शक्यता तळाची ओळ स्वतःच सांगते.

डावीकडून एक ते पाच असे क्रमांक धरले तर सुटणाऱ्या पटावर तळाला सातच प्रकारची नक्षी उरू शकते. तळाला १, २, ३ पेटलेल्या असतील तर वरच्या ओळीत २ ला स्पर्श करावा. ३, ४, ५ असतील तर ४ ला. १, २, ४, ५ असतील तर ३ ला. २, ३, ५ असतील तर १ ला. १, ३, ४ असतील तर ५ ला. २ आणि ४ असतील तर वर १ आणि ४ ला. १ आणि ५ असतील तर वर १ आणि २ ला. हे स्पर्श करून पुन्हा वरून खाली तसेच उतरावे, म्हणजे या वेळी तळाची ओळही विझते. सात जोड्या एकदम पाठ करण्याची गरज नाही. पहिल्या दोन एकमेकींच्या आरशातल्या प्रतिमा आहेत, तशाच चौथी आणि पाचवीही आहेत.

सर्वच्या सर्व पंचवीस टाइल्स पेटलेला पट उदाहरणादाखल घेऊ. पहिली ओळ पूर्ण पेटलेली आहे, म्हणून दुसऱ्या ओळीतील पाचही टाइल्सना स्पर्श करावा. त्यानंतर दुसऱ्या ओळीत फक्त १ आणि ५ पेटलेल्या उरतात, म्हणून तिसऱ्या ओळीत १ आणि ५; मग तिसऱ्या ओळीत मधली सोडून चारही पेटलेल्या दिसतात, म्हणून चौथ्या ओळीत १, २, ४, ५; आणि चौथ्या ओळीत मधल्या तीन उरतात, म्हणून पाचव्या ओळीत २, ३, ४. तळाला १ आणि ५ उरतात. कोष्टकाप्रमाणे वरच्या ओळीत १ आणि २ ला स्पर्श करून पुन्हा उतरले की दुसऱ्या ओळीत ३, तिसऱ्या ओळीत १, ३, ४, चौथ्या ओळीत १, ३, ५ आणि पाचव्या ओळीत ४, ५ असे स्पर्श होतात आणि पट विझतो. पहिल्या फेरीत १४ आणि दुसऱ्या फेरीत ११ असे एकूण २५ स्पर्श झाले, पण पाच टाइल्सना दोनदा स्पर्श झालेला असल्याने ते दहा वाया गेले. खरे उत्तर १५ स्पर्शांचे आहे. (सगळे दिवे पेटलेला पट कोणत्याही आकाराचा असला तरी सुटतोच, हे क्लाउस सुटनर यांनी १९८९ मध्ये सिद्ध केले आहे.)

वरच्या सातांत न बसणारी नक्षी तळाला दिसली तर आधी वरच्या चार ओळी बारकाईने तपासाव्यात, कारण बहुतेक वेळा तिथे एखादी टाइल पेटलेली राहून गेलेली असते. त्या खरोखरच विझलेल्या असतील तर तो पट मुळातच न सुटणारा आहे. पंचवीस टाइल्स मनाला येतील तशा पेटवल्या तर अशा मांडण्यांपैकी फक्त एक-चतुर्थांश सुटतात. म्हणूनच नीट बनवलेला खेळ विझलेल्या पटापासून सुरुवात करून आतल्या आत काही स्पर्श करतो आणि मग तो पट आपल्यापुढे ठेवतो. आपल्या चुकीच्या स्पर्शाने मात्र सुटणारा पट कधीही न सुटणारा होत नाही.

काही खेळ स्पर्शांची मोजणी करून कमी स्पर्शांना जास्त तारे देतात. तिथे वरची रीत थेट पडद्यावर न चालवता आधी कागदावर चालवावी, ज्या टाइलला स्पर्श करायचा तिथे टिंब द्यावे आणि दोन टिंबे झाली की दोन्ही खोडावीत. उरलेली यादी हे एक उत्तर झाले, पण पाच बाय पाचच्या प्रत्येक सुटणाऱ्या पटाला नेमकी चार उत्तरे असतात. याचे कारण असे की काही टाइल्सचे गट असे आहेत की त्यांतील सर्वांना स्पर्श केला तरी पटावर काहीच बदलत नाही. पहिला गट म्हणजे पहिल्या, दुसऱ्या, चौथ्या आणि पाचव्या ओळींतील १, ३, ५ या टाइल्स. दुसरा म्हणजे पहिल्या, तिसऱ्या आणि पाचव्या ओळींतील १, २, ४, ५ या टाइल्स. दोन्हींत बारा-बारा टाइल्स आहेत. आपल्या यादीत एखाद्या गटातील सात किंवा अधिक टाइल्स आल्या असतील तर त्या सर्व वगळून त्याच गटातील उरलेल्या घ्याव्यात, म्हणजे स्पर्श कमी होतात. दोन्ही गट एकत्र केले, म्हणजे दोन्हींत येणाऱ्या टाइल्स गाळल्या, की सोळा टाइल्सचा तिसरा गट मिळतो आणि त्यालाही हाच न्याय लागू होतो. तिथे नऊ किंवा अधिक टाइल्स आल्या तर अदलाबदल करावी. चारही उत्तरे तपासली तर १५ पेक्षा जास्त स्पर्श कोणत्याही पटाला लागत नाहीत.

लहान पटांचे गणित याहून सोपे आहे. तीन बाय तीनचा प्रत्येक पट सुटतो आणि त्याला उत्तर एकच असते. तळाला फक्त १ उरली तर वर १ आणि २ ला, फक्त ३ उरली तर २ आणि ३ ला, मधली उरली तर तिन्हींना स्पर्श करावा, आणि अधिक दिवे उरले तर ही उत्तरे एकत्र करून दुहेरी स्पर्श गाळावेत. चार बाय चारमध्ये तर कोष्टकच लागत नाही. तो पट सुटणारा असेल तर वरच्या ओळीत कुठेही स्पर्श केला किंवा केलाच नाही तरी पहिल्याच उतरणीत तळ विझतो, आणि तसा तो विझला नाही तर पुढे प्रयत्न करण्यात अर्थ नसतो.