इंटरनेटची दुसरी लाइन घेण्याआधी घरात करायची तयारी

दुसऱ्या लाइनीसाठी कुणालाही फोन लावायच्या आधी एक वही घ्या. मी हे उलट्या क्रमाने केलं. आधी लाइन घेतली, मग मोजमाप. सहा महिने दोन बिलं भरली आणि रात्री नऊला मुलीचा क्लास अडकायचा तो अडकतच राहिला. आम्ही जळगाव जिल्ह्यातल्या सावद्याला राहतो. मी पुण्यातल्या एका कंपनीचं काम घरून करते, मुलगी बारावीत, आणि दीर, म्हणजे नाना, केळीच्या व्यापारात, म्हणजे कटाईच्या दिवसांत गाडीचे फोटो, काट्याच्या पावत्या, ई-वे बिल हे सगळं घरातूनच. एवढी माणसं एका वायरीवर जगतात, तेव्हा तयारी नीट हवी.

वहीत तीन दिवस, दिवसातून तीनदा लिहा: सकाळी सात, दुपारी चार, रात्री नऊ. लॅपटॉप केबलने थेट राउटरला जोडा, घरातले बाकीचे मोबाइल वायफायवरून काढा, आणि डाउनलोड, अपलोड, पिंग (छोटा निरोप पाठवून उत्तर यायला लागलेले मिलिसेकंद) असे तिन्ही आकडे टिपा. मग तोच लॅपटॉप ज्या खोलीत खरा त्रास होतो तिथे नेऊन वायफायवर मोजा. केबलवर शंभरला पंच्याण्णव मिळतात आणि मागच्या खोलीत बाराच, तर कंपनीची लाइन ठणठणीत आहे, दुखणं घरात आहे. त्यावर दुसरी लाइन हा इलाज नाही. बिलावरचा आकडा मेगाबिटचा असतो हेही ध्यानात ठेवा. १०० एमबीपीएसच्या लाइनीवर फाइल सेकंदाला जास्तीत जास्त १२.५ मेगाबाइटने उतरते. तेवढी उतरत असेल तर तक्रारीला जागा नाही.

केबल स्वतःच तपासा. आमचा प्लॅन २०० चा, पण आकडा ९४ च्या वर सरकेना. लाइनमनने दोनदा येऊन ‘लाइन बरोबर आहे’ सांगितलं, आणि ते खरंच होतं. शेवटी मी केबलचं टोक उजेडात धरलं. त्या पारदर्शक प्लगमधून वायरींचे रंग दिसतात. आठ दिसायला हव्यात. आमच्यात केशरी आणि हिरव्या जोडीच्या मिळून चारच होत्या, निळी आणि तपकिरी जोडी आतच छाटलेली. चार वायरींवर १०० च्या वर वेग जात नाही, आणि त्यातले हातात ९४-९५ येतात. आठ वायरींची कॅट-६ केबल लावली आणि त्याच संध्याकाळी १९० दिसले. जुन्या राउटरचे पोर्टच १०० चे असले तरी हेच होतं, म्हणून पोर्ट ‘गिगाबिट’ आहेत का ते खोक्यावर वाचा.

वायफायची परीक्षा सोपी आहे. लॅपटॉपवरून राउटरलाच पिंग लावा, बहुतेक ठिकाणी पत्ता १९२.१६८.१.१ असतो. दहा मिलिसेकंदांच्या आत उत्तर सलग येत राहिलं तर बरं. मध्येच ८०, २०० असे झटके बसत असतील तर अडथळा राउटर आणि लॅपटॉपच्या मध्ये आहे. आपल्याकडच्या जुन्या धाब्याच्या घरांत भिंती मातीच्या आणि दीड-दोन फूट जाड. ५ गिगाहर्ट्झचं वायफाय तिथे पहिल्याच भिंतीला दम सोडतं. २.४ पलीकडे पोचतं, पण त्यात शेजाऱ्यांची गर्दी, म्हणून चॅनेल १, ६ किंवा ११ यांपैकी जे मोकळं असेल ते निवडा. खरा उपाय एकच: मागच्या खोलीपर्यंत एक केबल ओढा आणि तिथे दुसरा ॲक्सेस पॉइंट, म्हणजे केबलवरून वायफाय देणारा डबा, बसवा. राउटर धान्याच्या पत्र्याच्या कोठीमागे किंवा फ्रिजवर ठेवला असेल तर आधी तो हलवा, त्याला पैसे लागत नाहीत.

फायबर असेल तर राउटरच्या आतल्या पानावर प्रकाशाची पातळी दिसते, डीबीएम या मापात, वजा आकड्यात. साधारण उणे ८ ते उणे २७ ही चालणारी हद्द. उणे २० च्या आसपास असेल तर निश्चिंत राहा. उणे २६ दिसलं तर पावसाळ्यात लाइन तुटत राहणार. आमची फायबर कपाटामागे करकचून मोडली होती, तिला रुंद वळण दिल्यावर पातळी सुधारली. ही वायर काचेची आहे, खिळ्याला गुंडाळायची नाही, एवढं घरात सगळ्यांना सांगून ठेवा.

आता ज्या गोष्टीसाठी मला ही यादी लिहावीशी वाटली ती. बहुतेक घरांत ‘स्लो’ म्हणतात तेव्हा वेग कमी नसतो, रांग लांब असते. काट्यावरचं चित्र डोळ्यापुढे आणा: केळीने भरलेल्या वीस ट्रक रांगेत उभ्या आहेत आणि मागे एक जण सायकलवर एक पिशवी वजन करायला आलाय. काटा तेवढाच चालतोय, पण पिशवीवाला तासभर ताटकळतो. घरातल्या कुणाचा मोबाइल रात्री फोटो-व्हिडिओंचा बॅकअप पाठवायला लागला की अपलोड भरतो, राउटर पुढची पाकिटं, म्हणजे डेटाचे छोटे तुकडे, साठवत जातो, आणि क्लासमधल्या आवाजाची इवलीशी पाकिटं त्या ढिगामागे अडकतात. हे पाहायचं तर ८.८.८.८ या गूगलच्या पत्त्याला पिंग चालू ठेवा आणि दुसऱ्या मोबाइलवरून एक मोठा व्हिडिओ ड्राइव्हवर चढवा. आमच्याकडे पिंग १८ वरून ४०० च्या पुढे गेला. याला बफरब्लोट म्हणतात, आणि त्यावरचा उपाय राउटरमध्ये असतो: एसक्यूएम नावाची रांग सांभाळणारी सेटिंग, त्यात ‘केक’ किंवा ‘एफक्यू-कोडेल’ ही पद्धत. मोजलेल्या वेगाच्या ८५ ते ९० टक्के आकडा तिथे भरायचा, म्हणजे रांग कंपनीच्या यंत्रात न लागता तुमच्या राउटरच्या ताब्यात राहते आणि तो पिशवीवाल्याला पुढे काढतो. थोडा वेग जातो, पण तो मनापासून सोडावा. कंपनीने दिलेल्या राउटरमध्ये ही सोय बहुधा नसते. ओपनडब्ल्यूआरटी ही राउटरवर टाकायची मोफत प्रणाली चालणाऱ्या राउटरमध्ये असते. माझी अर्धी अडचण इथेच मिटली.

बिलाच्या मागची एक ओळही वाचून घ्या. ‘अनलिमिटेड’ प्लॅनलाही महिन्याची हद्द असते, बऱ्याच ठिकाणी ३३०० जीबी, काही ठिकाणी त्याहून बरीच कमी. ती ओलांडली की वेग खाली येतो. महिनाअखेरीसच त्रास होत असेल तर कारण हेच.

एवढं सगळं करूनही रात्रीचा आकडा केबलवर पडतच असेल, किंवा लाइन आठवड्यातून दोनदा जातच असेल, तर दुसरी लाइन घ्या, आणि ती काय देणार हे घेण्याआधी समजून घ्या. आपल्या भागात ठिबक सगळ्यांना ठाऊक आहे, म्हणून तसंच सांगते. दोन विहिरींवर दोन मोटारी आहेत आणि मधल्या व्हॉल्व्हने काही लॅटरल एका मोटारीवर, काही दुसरीवर टाकल्या. सगळं वावर लवकर भिजतं, पण एका लॅटरलला दोन्ही मोटारींचं पाणी मिळत नाही. लोड बॅलन्सिंग म्हणजे हेच. ५० आणि ५० च्या दोन लाइनी लावल्या तर तुमचा एक व्हिडिओ कॉल किंवा एक डाउनलोड ५० वरच चालतो. फायदा होतो तो चार माणसं एकाच वेळी वापरतात तेव्हा. दोन्ही मोटारींचं पाणी खरंच एका पाइपात हवं असेल तर ते आधी शेततळ्यात पाडून तिथून उचलावं लागतं. त्याला बाँडिंग म्हणतात, आणि त्यातलं शेततळं म्हणजे इंटरनेटवर कुठेतरी, शक्यतो मुंबईत, भाड्याने घेतलेला सर्व्हर. घरातला राउटर पाकिटं दोन्ही वाटांनी तिथे पाठवतो, तो ती जुळवून पुढे सोडतो. स्पीडिफायसारखं ॲप हे पैसे घेऊन करून देतं. हाताने करणाऱ्यांसाठी ओपनएमपीटीसीपीराउटर आहे. त्यामागचं मल्टिपाथ टीसीपी हे तंत्र २०१३ पासून वापरात आहे, ॲपलने त्या वर्षी ते सिरीसाठी घेतलं. पण शेततळ्याचा पाइप जेवढा तेवढंच पाणी. शिवाय एका लाइनीचा पिंग १५ आणि दुसरीचा ९० असेल तर जुळवणीत वेळ जातो आणि कधी कधी एकट्या लाइनीपेक्षा वाईट चालतं. घरासाठी माझं मत स्पष्ट आहे: लोड बॅलन्सिंग आणि एक पडली की दुसरीवर जाणं, एवढं पुरे. कॉल एका क्षणालाही तुटू नये असं ज्यांचं काम आहे त्यांनीच बाँडिंगच्या वाटेला जावं.

दुसरी लाइन निवडताना कंपनीच्या नावापेक्षा वायर बघा. संध्याकाळी घरातून निघा आणि वायर कुठून कुठे जाते ते खांबाखांबाने चालत बघत जा. मी हे केलं नव्हतं. दोन वेगळ्या कंपन्या, दोन वेगळी बिलं, म्हणून निर्धास्त होते. मे महिन्याच्या शेवटी वादळ आलं, शिवारात केळीच्या बागा आडव्या झाल्या, आणि आमच्या कोपऱ्यावरचा एक खांब वाकला. दोन्ही फायबर त्याच खांबावरून, एकाच माणसाने ओढलेल्या होत्या. चार दिवस घरात काहीच नव्हतं. नाना त्या चार दिवसांत पंचनाम्याचे फोटो पाठवायला गावाबाहेर जाऊन मोबाइल वर धरून उभे राहायचे. म्हणून एक लाइन वायरीची आणि दुसरी हवेतली, टॉवरवरून येणारी असावी: फायबर एक, आणि दुसरीकडे ५जी एअरफायबर किंवा सिम घालायचा ४जी राउटर. जिओ आणि एअरटेल दोघांनीही एअरफायबर २०२३ मध्ये आणलं. तुमच्या गल्लीत ते पोचतं का हे त्यांच्या माणसाला छतावर नेऊनच ठरवा. सिमचा राउटर घेणार असाल तर आधी त्या कंपनीचं सिम मोबाइलमध्ये घालून, ज्या खिडकीत राउटर ठेवायचा तिथे, रात्री नऊला मोजा. सकाळी टॉवर मोकळा असतो, तो आकडा धरू नका. रस्त्याच्या कडेला घर असेल आणि रुंदीकरण चालू असेल तर जेसीबी फायबर केव्हा उचकटेल सांगता येत नाही. तिथे हवेतली लाइन हवीच.

दोन लाइनी एकत्र आणायला दोन वॅन पोर्टचा, म्हणजे बाहेरच्या लाइनीसाठी दोन पोर्ट असलेला राउटर लागतो. टीपी-लिंकचा ईआर६०५ घरासाठी पुरेसा आहे, त्यात वायफाय नाही, म्हणून जुना राउटर ॲक्सेस पॉइंट म्हणून वापरा. मायक्रोटिक कंपनीचे राउटर ज्यांना हाताळता येतात त्यांनी ते घ्यावेत, शिकायला वेळ लागतो. ओपनडब्ल्यूआरटी असेल तर ‘एमवॅन३’ हे पॅकेज तेच काम करतं.

राउटर हातात येण्याआधी कागद जमवा. फायबरवाल्याकडून पीपीपीओईचं, म्हणजे लाइनीत लॉगइन व्हायचं युजरनेम आणि पासवर्ड, व्हीलॅन (लाइन ओळखायचा) नंबर असेल तर तो, आणि त्यांचं यंत्र ब्रिज मोडवर, म्हणजे राउटरचं काम न करता लाइन नुसती पुढे देईल असं टाकून देतील का याचं उत्तर. नाही म्हणाले तरी काम अडत नाही, फक्त दोन्ही कंपन्यांच्या राउटरांचा आतला पत्ता सारखा नसावा. दोघांचा १९२.१६८.१.१ असला तर नवा राउटर गोंधळतो, एकाचा १९२.१६८.२.१ करून घ्या. घरातले कॅमेरे बाहेरून पाहता येतात का हेही याच टप्प्यावर तपासा, सिमवरच्या लाइनीत बाहेरून आत यायची वाट सहसा बंद असते.

सेटिंगमध्ये तीन ठिकाणी जपायचं. एक, वाटणी मोजलेल्या वेगाप्रमाणे द्या: फायबर १०० आणि हवेतली ४० असेल तर पाचास दोन. दुसरं, बँक, जीएसटी आणि ई-वे बिलाच्या साइट एकाच लाइनीवर बांधा, नाहीतर मध्येच पत्ता बदलला की त्या लॉगआउट करतात. नानांचं अर्धवट भरलेलं बिल दोनदा असं गेलं. तिसरं, लाइन जिवंत आहे का हे राउटरने दिवा बघून ठरवू नये. दिवा हिरवा असतो आणि पुढे इंटरनेट मेलेलं असतं. ८.८.८.८ आणि १.१.१.१ या दोन पत्त्यांना दर काही सेकंदांनी पिंग लावून ठरवायला सांगा.

विजेचं मात्र विसरू नका. वीज गेली आणि दोन्ही लाइनी बंद पडल्या तर सगळं वाया. राउटर, फायबरचं यंत्र, सिमचा राउटर, प्रत्येकाच्या ॲडॉप्टरवर व्होल्ट आणि अँपिअर लिहिलेले असतात. १२ व्होल्टवाल्यांचे अँपिअर जोडा आणि तेवढं पेलणारा मिनी यूपीएस घ्या. कोपऱ्यावरच्या केबलवाल्याच्या पेटीला किती तासांची बॅटरी आहे हे त्याला विचारा. आणि आपला एप्रिल-मे: पत्र्याखालच्या माळ्यावर यातलं काहीही ठेवू नका, त्या उन्हात ती यंत्रं तापून बंद पडू शकतात. खालच्या भिंतीवर, हवा लागेल असं टांगा.

सगळं जोडलं की कॉल चालू असताना एका लाइनीची केबल काढून बघा. लोड बॅलन्सिंगमध्ये कॉल अर्धा मिनिट थिजून परत जुळतो, तसं झालं तर ठीक. मग ती लावून दुसरी काढा. दोन्हीकडून जमलं तरच जुन्या प्लॅनमध्ये काही कमी-जास्त करा.

शेवटी राउटरशेजारी एक कागद चिकटवा. दुपारी आमच्या घरी सासूबाई एकट्या असतात, आणि नाना मार्केटमधून त्यांनाच फोन करतात. कागदावर मी मोठ्या अक्षरात लिहिलंय: वरचा दिवा लाल दिसला तर काही करू नका, दुसरी लाइन चालू आहे. दोन्ही लाल दिसले तर पांढऱ्या डब्याचं बटण बंद करून शंभर मोजा, मग चालू करा. त्याखाली दोन्ही लाइनमनचे नंबर.