एकच फोन, चाळीस मुलं आणि ‘ळ’

मुंबईतल्या इंग्रजी माध्यमाच्या वर्गात मराठी वाचायला सांगितलं की गुजराती घरातली मुलं ‘ळ’ बिनदिक्कत म्हणतात, त्यांच्या भाषेत तो आहेच. हिंदी घरातल्यांची ‘वेळ’ मात्र पटकन ‘वेल’ होते. दर वेळी टोकत बसण्यापेक्षा फोनवरच्या बोलून टाइप करायच्या सोयीला कामाला लावा. बाईंचा किंवा सरांचा एक फोन पुरतो.

आदल्या दिवशी जीबोर्डच्या, म्हणजे गूगलच्या कीबोर्डच्या, भाषांमध्ये मराठी घाला. माइक दाबताना कीबोर्ड मराठीवरच आहे ना, हे दर वेळी बघा. चुकून हिंदीवर राहिला तर ‘गाळ’चा ‘गाल’ उमटतो आणि बोल लागतो बिचाऱ्या मुलाला. वर्गात रेंज येते का तेही तपासा, आणि मध्येच फोन वाजू नये म्हणून डू नॉट डिस्टर्ब लावा.

आता वाक्यं. सगळी गंमत इथे आहे. ‘शाळेची वेळ झाली’ हे वाक्य कुचकामी, कारण मूल ‘वेल’ म्हणालं तरी फोन आजूबाजूच्या शब्दांवरून अंदाज बांधून ‘वेळ’ लिहून मोकळा होतो. दोन्ही शब्द चालतील अशी वाक्यं हवीत: ‘गालाला हात लावू नकोस’ आणि ‘गाळाला हात लावू नकोस’. ‘ही वेळ मला आवडते’ आणि ‘ही वेल मला आवडते’.

पाच-पाच जणांचे आठ गट करा. गटातल्या एकाला चिठ्ठी द्या. त्याने वर्गाकडे पाठ करून, फोन तोंडापासून वीतभर लांब धरून वाक्य म्हणायचं. फोन ओठांना चिकटवला तर ‘प’, ‘फ’ नुसते फुरफुरतात. बाकीच्यांनी ऐकलेलं आधी वहीत लिहायचं, मगच स्क्रीन दाखवायची. हा क्रम उलटला की सगळे फोनचंच उतरवून काढतात. फळ्यावर तीन रकाने: चिठ्ठीतलं, कानांनी ऐकलेलं, फोनने लिहिलेलं. गटाला तीन मिनिटं धरली तर 35 मिनिटांच्या तासात भांडायलाही वेळ उरतो, आणि मुलं भांडतातच. वर्गाने बरोबर ऐकलं आणि फोन चुकला, तर आधी डोक्यावरचा पंखा बंद करून पुन्हा म्हणायला लावा. फोनच्या लिहिण्यावर गुण मात्र देऊ नका.

‘च’साठी ही युक्ती चालत नाही. ‘चार गाई’ आणि ‘गाईला चारा चार’ यांतले ‘च’ वेगळे, पण अक्षर एकच. फोन दोन्ही सारखेच लिहिणार. तिथे साधा रेकॉर्डर बरा. दहा सेकंद रेकॉर्ड करा, लगेच ऐकवा, दुसऱ्या ‘च’ला जीभ दातांमागे नेऊन पुन्हा म्हणायला लावा.

लोकलमधलं ‘पुढील स्टेशन’ मुलांना तोंडपाठ असतं. त्याच चालीत शाळेतल्या जागांच्या घोषणा लिहून रेकॉर्ड करायला द्या. ‘शाळा’, ‘फळा’ आपोआप येतात. रेकॉर्डिंग पालकांच्या ग्रुपवर टाकायचं तर आधी परवानगी घ्या, नाहीतर तास संपताच पुसून टाका.